नावं पाठ आहेत, पण कळत नाही: पेशी आणि जैवरेणू कुठून सुरू करावेत?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी इंदुरात अकरावीला. दहावीपर्यंत हिंदी माध्यम, आता पुस्तकं इंग्रजी, घरी मराठी. आठवा धडा पेशीचा, नववा जैवरेणूंचा, दोन्ही तीन-तीनदा वाचून झालेत. तंतुकणिका (मायटोकाँड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) म्हणजे काय असं विचारलं की व्याख्या घडाघडा म्हणते. "पण तिला दोन पटलं, म्हणजे दोन पातळ आवरणं, कशाला लागतात?" म्हटलं की गप्प होते. तुम्ही विचारलंय की सरळ सगळं पाठच करून घ्यावं का, आणि दोन धड्यांतला आधी कोणता धरावा.

पंचवीसेक वर्षं मी इथे इंदुरात बी.एस्सी.च्या मुलांची प्रात्यक्षिकं घेते आहे. दर वर्षी नव्या वर्गात तुमच्या मुलीसारखी मुलं समोर बसलेली असतात. हुशार असतात, मेहनती असतात, बारावीला उत्तम गुण मिळवून आलेली असतात. त्यांची अडचण स्मरणशक्तीची नसते. एका धड्यात त्यांनी खोल्या पाहिलेल्या असतात, दुसऱ्या धड्यात विटा. या विटांमुळेच खोली अशी का झाली, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. मग नावं सुटी-सुटी राहतात आणि सुटी नावं परीक्षेनंतर महिन्याभरात गळून जातात.

तुमच्या घरात भाषेचाही गुंता असणार, तो आधी सोडवा. हिंदीत कोशिका म्हणतात ती आपली पेशी. पण हिंदीत पेशी म्हटलं की मांसपेशी, म्हणजे आपला स्नायू. आणि हिंदी पुस्तकातला 'स्नायु' म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, आपला अस्थिबंध. तिची आजी "पेशी" म्हणेल तेव्हा ती भलतंच समजेल, आणि त्यात तिचा काहीच दोष नाही. एका वहीत तीन रकाने आखून पहिले चाळीस शब्द तिन्ही भाषांत लिहून काढू द्या. एका संध्याकाळचं काम आहे, पण पुढे वर्षभर पुरतं.

पाठ करावं का, याचं उत्तर परिस्थितीवर आहे. परीक्षा पंधरा दिवसांवर असेल तर पाठ करू द्या, तेव्हा दुसरा इलाज नसतो. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा द्यायची असेल तर पुस्तकातली ओळ न् ओळ तोंडात असावीच लागते, कारण प्रश्न त्या ओळींवरून येतात. रसायनशास्त्रात रासायनिक बंध शिकवून झालेत का, हेही विचारा. झाले नसतील तर मी पुढे सांगते त्यातला पाण्याचा भाग तुम्हाला तिच्याशी बसून बोलावा लागेल. पण अकरावीचं वर्ष हाताशी असेल, तर मी आधी समजून घ्यायला सांगेन. समजलेलं पाठ व्हायला निम्मा वेळ लागतो, हे मी इतक्या मुलांत पाहिलंय की त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सुरुवात पाण्यापासून करा. नवव्या धड्यात पेशीत काय-काय असतं याचा एक छोटा तक्ता आहे: पाणी 70 ते 90 टक्के, प्रथिनं 10 ते 15, न्यूक्लिक आम्लं 5 ते 7, कर्बोदकं 3, मेद 2, आयन 1. मुलं खालच्या ओळी पाठ करतात आणि पहिलीवरून नजर फिरवून पुढे जातात. मला मात्र अख्खा विषय त्या पहिल्या ओळीत दिसतो. बाकी सगळे रेणू पाण्यात राहतात, आणि त्यांचं पाण्याशी पटतं की नाही यावर त्यांचा आकार ठरतो. आकारावर काम ठरतं.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे जरा जास्त ओढून धरतो. म्हणून त्याच्या बाजूला किंचित ऋण भार येतो, हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन. त्यामुळे पाण्याचे रेणू सतत एकमेकांचा हात धरतात, सोडतात, दुसऱ्याचा धरतात. मिठासारखा भार घेऊन येणारा किंवा साखरेसारखा ठिकठिकाणी हात पुढे करणारा पाहुणा असला, की ते त्याला आपल्यात घेतात. तेलाकडे असा हातच नसतो.

आज वरणाला फोडणी द्याल तेव्हा मुलीला पातेल्यापाशी बोलवा. ढवळणं थांबवा आणि वर बघत राहा. तेलाचे बारीक थेंब सरकत-सरकत जवळ येतात, दोघांमधली रेघ क्षणभर ताणली जाते, आणि दोनाचा एक होतो. त्यांना एकत्र कोण आणतं? पुष्कळ मुलं सांगतात, तेलाला तेल ओढतं. खरं काम पाण्याचं आहे. थेंबाला लागून असलेल्या पाण्याच्या रेणूंना त्या बाजूला हात धरायला कुणी मिळत नाही, म्हणून ते जखडल्यासारखे ठरावीक मांडणीत उभे राहतात. दोन थेंब एक झाले की एकूण पृष्ठभाग कमी होतो आणि तेवढं पाणी मोकळं होतं. पाणी आपली मोकळीक राखतं आणि त्यात तेल एका जागी लोटलं जातं. एवढी एक गोष्ट तिला पातेल्यात दिसली, की पुढचे दोन्ही धडे उलगडायला लागतात.

पेशीच्या पटलाकडे या. ते मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या मेदाचं असतं. त्याच्या रेणूचं डोकं फॉस्फेटचं, त्याचं पाण्याशी पटतं. दोन लांब शेपट्या मेदाम्लांच्या, त्यांचं पटत नाही. असे असंख्य रेणू पाण्यात टाकले तर ते कसे उभे राहतील? मी वर्गात उत्तर सांगत नाही. फळ्यावर एक गोल आणि दोन शेपट्या काढते आणि खडू मुलांच्या हातात देते. कुणीतरी आधी एकच रांग काढतं, शेपट्या उघड्या पडल्या म्हणून पुसतं. मग दुसरी रांग उलटी लावतं, शेपट्या आत, डोकी दोन्हीकडे बाहेर. तेवढ्यात मागून प्रश्न येतो, "मॅडम, टोकाच्या शेपट्यांचं काय?" आणि विचारणाराच उठून दोन्ही टोकं वळवून जोडतो. फळ्यावर बंद पिशवी तयार होते. पेशीभोवती बंद पटल का असतं हे त्या वर्गाला पुन्हा सांगावं लागत नाही.

हा दुहेरी थर पहिल्यांदा कसा ओळखला गेला, तेही तिला सांगा. 1925 साली नेदरलँड्समध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तातल्या लाल पेशी घेतल्या. सस्तन प्राण्यांच्या लाल पेशीत केंद्रक नसतं, आत दुसरी पटलं नसतात, म्हणजे जो मेद निघेल तो बाहेरच्याच पटलाचा. त्यांनी मेद वेगळा केला, पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा थर पसरवला आणि क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे थर दोन. पुढे कळलं की त्यांचा मेद पूर्ण निघाला नव्हता आणि पेशींचा पृष्ठभागही त्यांनी कमी मोजला होता, दोन चुकांनी एकमेकींना सावरलं. निष्कर्ष मात्र टिकला. त्या थरात प्रथिनं कशी तरंगतात याचं चित्र सिंगर आणि निकल्सन यांनी 1972 मध्ये मांडलं, आणि तिच्या पुस्तकात तेच आहे.

प्रथिनांवर मी सगळ्यात जास्त वेळ देते, तुम्हीही द्या. वीस प्रकारची अमिनो आम्लं, मण्यांसारखी एका माळेत. काही मण्यांचं पाण्याशी पटतं, काहींचं नाही. माळ पाण्यात आली की न पटणारे मणी आत दडतात, पटणारे बाहेर राहतात आणि माळेची विशिष्ट घडी पडते. अमेरिकेत ॲनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज नावाचं 124 मण्यांचं प्रथिन घेतलं, रसायनं घालून त्याची घडी पूर्ण मोडली आणि मग ती रसायनं काढून टाकली. माळ पुन्हा स्वतःहून तशीच घडली आणि कामही करू लागली. घडीचा नकाशा मण्यांच्या क्रमातच असतो, हे त्यातून कळलं. 1972 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या कामाला होतं. अंडं उकडताना याच्या उलट होतं. उष्णतेने घडी उलगडते, आतले मणी उघडे पडतात, शेजारच्या माळेच्या तशाच मण्यांना चिकटतात आणि पांढरं घट्ट होतं. दही लागताना दुधाची आंबटता वाढते, केसीन या दुधातल्या प्रथिनावरचा ऋण भार उतरत जातो आणि पीएच 4.6 च्या आसपास ते एकत्र येतं. श्रीखंडाचा चक्का आपण बांधतो तो याच केसीनचा.

एक मणी बदलला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या अंगणातलं आहे. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी या आपल्या शेजारच्या आदिवासी जिल्ह्यांत सिकलसेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. लाल पेशीत ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन, चार साखळ्यांचं. त्याच्या बीटा साखळीत 146 मणी असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, त्यावर भार असतो, त्याचं पाण्याशी पटतं. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलिन येतं, त्याचं पटत नाही. आणि ही जागा घडीच्या बाहेरच्या अंगाला आहे. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की हे उघडं व्हॅलिन शेजारच्या रेणूवरच्या एका खाचेत जाऊन बसतं. त्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, अशा लांब दोऱ्या तयार होतात. मऊ, चपटी, गोल लाल पेशी ताणली जाऊन कोयत्यासारखी वाकते आणि केसासारख्या वाहिन्यांत अडकते. पेशंटच्या हाडांत ज्या असह्य कळा येतात, त्यांचं मूळ एका मण्याच्या पाण्याशी असलेल्या नात्यात आहे. डीएनएमध्ये तर फरक एका अक्षराचा, जीएजीच्या जागी जीटीजी.

1 जुलै 2023 रोजी आपल्याच राज्यात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, 2047 चं उद्दिष्ट ठेवून. माझ्या वर्गात त्या जिल्ह्यांतून आलेली मुलं असतात. हे शिकवताना त्यांच्यातला कुणीतरी हळूच सांगतो, माझ्या बहिणीला आहे. त्या दिवशी वर्गात "हे परीक्षेत येईल का" असं कुणी विचारत नाही. तुमच्या मुलीला प्रथिनांची चार पातळ्यांची रचना समजवायची असेल तर याच उदाहरणावरून समजवा. क्रम बदलला, पृष्ठभाग बदलला, चार साखळ्यांच्या रेणूचं वागणं बदललं, आणि शेवटी पेशीचा आकार बदलला. आठवा आणि नववा धडा इथे एकमेकांना भेटतात.

कर्बोदकांना एवढा वेळ लागणार नाही. सकाळच्या पोह्यांवर, शेव-जिरावण घालायच्या आधी, आयोडीनचा एक थेंब टाका. पोहे निळे-काळे होतील, तो स्टार्च. (तेवढे पोहे अर्थातच फेकून द्या.) आता तिच्या हातात कापूस द्या आणि सांगा की पोह्यांतला स्टार्च आणि निमाडातला हा कापूस, दोन्ही ग्लुकोजच्याच माळा आहेत. फरक जोडणीच्या दिशेचा. स्टार्चच्या अल्फा जोडणीमुळे माळ वळत जाते आणि तिच्यात पाणी शिरतं. कापसातल्या सेल्युलोजच्या बीटा जोडणीमुळे माळा सरळ राहतात, शेजारच्या माळांचे हात घट्ट धरतात, आणि पाण्याला मध्ये शिरायला जागा उरत नाही. आपली एन्झाइमं, म्हणजे पचन घडवणारी प्रथिनं, अल्फा जोडणी तोडतात, बीटा तोडू शकत नाहीत. पोहे पचतात, कापूस पचत नाही. वनस्पतींनी भिंतीसाठी सेल्युलोज आणि साठ्यासाठी स्टार्च का निवडला, याचं उत्तर तिला आता स्वतः देता येईल.

डीएनएच्या बाबतीतही पाण्याने निकाल दिलाय. 1951 साली वॉटसन आणि क्रिक यांनी त्याच्या रचनेचं पहिलं प्रारूप केलं त्यात फॉस्फेट आतल्या बाजूला होते. रोझालिंड फ्रँकलिन यांनी ते पाहताक्षणी चूक दाखवली. डीएनए पाणी भराभर ओढून घेतो हे त्यांनी प्रयोगात पाहिलं होतं, म्हणजे भार असलेले फॉस्फेट बाहेर पाण्याकडेच हवेत. 1953 मधल्या अचूक प्रारूपात ते बाहेर आहेत आणि ज्यांचं पाण्याशी फारसं पटत नाही ते चपटे बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं, आत, एकावर एक रचलेले. घरी करायचं असेल तर बऱ्हाणपूरचं एक केळं कुस्करा. थोड्या पाण्यात चिमूटभर मीठ आणि भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब घालून हलकेच मिसळा, गाळा, आणि ग्लासच्या कडेने बर्फासारखं थंड स्पिरिट सोडा. लिक्विड पटलं फोडतं, मीठ फॉस्फेटचा भार झाकतं, स्पिरिट पाण्याची पकड सोडवतं. दोन थरांच्या मध्ये पांढरे, चिकट धागे तरंगायला लागतात. काडीवर गुंडाळून तिच्या हातात द्या.

आता तिला जमलं नव्हतं त्या प्रश्नाकडे येऊ. तंतुकणिकेला दोन पटलं कशाला? मेदाचा थर भार असलेल्या आयनाला सहज जाऊ देत नाही, एवढं तिला आता माहीत आहे. तंतुकणिका अन्नातून मिळालेली ऊर्जा वापरून हायड्रोजन आयन आतल्या पटलापलीकडे, दोन पटलांमधल्या फटीत नेऊन साठवते. ते परत येण्यासाठी दाटी करतात, पण पटल वाट देत नाही. वाट असते ती एटीपी सिंथेज या प्रथिनातूनच, आणि त्यातून जाताना ते प्रथिन खरोखर गरगरा फिरतं आणि एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी खर्च करते तो रेणू, बनतं. ओंकारेश्वरला धरणामागे पाणी अडवून टर्बाइन फिरवतात, तसंच. धरणाची भिंत गळकी असून चालत नाही, म्हणून आतलं पटल इतकं बंदिस्त, आणि जास्त टर्बाइनं बसावीत म्हणून त्याला इतक्या घड्या. बाहेरचं पटल चाळणीसारखं असतं, छोट्या रेणूंना ये-जा करू देतं.

आणि नर्मदेचीच उलटी गोष्ट इंदूरला रोज घडते. 1978 पासून आपण नर्मदेचं पाणी पितो. ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून साधारण 70 किलोमीटर, घाट चढवून, पंपांनी आणावं लागतं. ते आपल्या पायांनी वर येत नाही, त्याला वीज लागते. पेशीच्या पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप हेच करतो. एक एटीपी खर्च करून तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, दोन्ही उताराच्या विरुद्ध. सक्रिय परिवहनाची व्याख्या ती पाठ करतेच आहे, तिला जलूद आठवू द्या. गंमत म्हणजे या पंपाचा शोध लावणारे स्कोऊ आणि त्या टर्बाइनचं काम उलगडणारे बॉयर आणि वॉकर, तिघांना 1997 चं रसायनशास्त्राचं नोबेल एकत्र मिळालं. आणि ज्या एटीपीवर हे सगळं चालतं, तो रेणू 1929 मध्ये शोधणाऱ्यांत आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. हे नाव तिच्या वहीत असलंच पाहिजे.

म्हणून धड्यांचा क्रम मी असा लावते: आधी पाणी आणि फोडणी, मग नवव्या धड्यातले लहान रेणू आणि प्रथिनं, मग आठवा धडा पूर्ण, आणि शेवटी पुन्हा नववा, एन्झाइमांसकट. आठव्यातल्या प्रत्येक भागापाशी तिला दोन प्रश्न विचारा: याच्या आत आणि बाहेर वेगळं काय ठेवलंय, आणि मधलं पटल ते कसं टिकवतं? लयकारिकेत (लायसोसोम, पेशीतली पचनाची पिशवी) आंबट रस आहे, तो बाहेर सांडला तर काय? रिक्तिकेत (व्हॅक्युओल, पेशीतली पाण्याची पिशवी) पाणी भरलं तर भेंडी ताठ का राहते? राहिलेलं थोडं पाठच करायचं असतं. 70एस, 80एस रायबोसोम (प्रथिनं बनवणारे कण), कोणी काय कधी शोधलं, हे सरळ घोका. 70एस रायबोसोमचे दोन तुकडे 50एस आणि 30एस, मग ते मिळून 80 न होता 70 का होतात, असं तिने विचारलं तर सांगा, एस हे वजन नसून खाली बसण्याच्या वेगाचं माप आहे, त्याची बेरीज होत नाही.

शेवटी एक प्रात्यक्षिक, हे मात्र चुकवू नका. शाळेत सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तम, नाहीतर कागदी फोल्डस्कोपही चालतो. नर्सरीत रिओचं रोप मिळतं, वरून हिरवी, खालून जांभळी लांब पानं. पान मोडून जांभळ्या बाजूचा पापुद्रा ओढून घ्या, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा. षटकोनी खोल्या दिसतील, भिंतीपर्यंत जांभळ्या रंगाने भरलेल्या. अर्ध्या कपात अर्धा चमचा मीठ विरघळवून त्याचा थेंब एका कडेला सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावा. दोन-तीन मिनिटांत रंग भिंत सोडतो, आधी कोपऱ्यातून, मग सगळीकडून, आणि मध्ये एक जांभळा गोळा उरतो. भिंत जागेवरच. पटल कुठे आहे हे तिला तेव्हा डोळ्यांनी दिसेल. लगेच साधं पाणी सोडलं तर रंग परत पसरतो. पण फार वेळ थांबू नका, मिठात राहून पेशी मेली की पटलाची अडवणूक संपते, आणि मग कितीही पाणी घातलं तरी ती खोली पुन्हा भरत नाही.